आधी फळ्यावर भरती लिहा

जून उजाडला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत गावोगाव वह्यावाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं रांगेत बसतात, समोरच्या खुर्च्यांवर रिसॉर्टवाले, हार्डवेअरवाले, बांधकामवाले बसतात. वहीच्या मुखपृष्ठावर दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर असतो. फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत ‘सामाजिक बांधिलकी’ या मथळ्याखाली व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर पोचतात. वह्या मुलांच्या उपयोगी पडतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी आहे की वर्षातल्या त्या एका दिवसाच्या खर्चाला आपण बांधिलकी म्हणायला लागलो आणि बाकीचे दिवस तोच धंदा कसा चालतो हे विचारायचं सोडून दिलं.

ही सवय मोठ्यांची पाहून लागली. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम सांगतं, की ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करावेत, आणि जिथे कारखाना आहे त्या भागाला प्राधान्य द्यावं. थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना हे या मापातले. त्यांनी दोन टक्के कुठे आणि कसे खर्च केले हे विचारायलाच हवं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. नागावच्या वाडीतल्या खानावळीला, रेवदंड्याच्या किराणा दुकानाला, काशीदच्या शहाळ्याच्या टपरीला, दिवेआगरच्या चार खोल्यांच्या होम-स्टेला हे कलम काहीच विचारत नाही. कायद्याने विचारलं नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. आणि मोठ्यांसारखे दोन टक्के काढून वेगळे ठेवणं ही लहान धंद्याची जबाबदारी नव्हेच. तो काय विकतो, कुणाला विकतो, माल कुणाकडून घेतो आणि काम कुणाच्या हातून करून घेतो, एवढ्यातच ती सगळी येते. गल्ल्याच्या बाहेर जायची गरज नाही.

सगळ्यात आधी समुद्राचं बोलू, कारण तिथली चूक माणसाच्या जिवावर जाते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. महाराष्ट्र हादरला. त्या दिवसापासून आजपर्यंत काशीद, नागाव, अलिबाग, श्रीवर्धन, हरिहरेश्वर इथून कुणीतरी बुडाल्याची बातमी अधूनमधून येतच असते. फलक लागतात, खाऱ्या हवेने गंजतात, अक्षरं पुसली जातात. जीवरक्षक कुठे असतात, कुठे नसतात. पण किनाऱ्यावर एक माणूस कायम असतो. शहाळी सोलणारा, घोडागाडी हाकणारा, भज्यांचा घाणा काढणारी मावशी, चेंजिंग रूमचे वीस रुपये घेणारा पोरगा. या माणसांना समुद्र तोंडपाठ आहे.

त्यांना तिथीवरून भरती सांगता येते. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. हिशोब ढोबळ आहे, मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण कोळ्याच्या दहा वर्षांच्या पोराला तो येतो आणि कल्याणहून, हडपसरहून, नाशिकहून आलेल्या तिशीच्या इंजिनिअरला येत नाही. सुकतीला लागलेलं पाणी वरून शांत दिसतं आणि खालून पाय ओढतं, हेही त्याला ठाऊक नसतं. तो शनिवारी दुपारी जेवून येतो, बहुतेक वेळा थोडी घेऊनही येतो, पाणी स्थिर दिसतं म्हणून छातीपर्यंत आत जातो. टपरीवाला हे सगळं पाहत असतो. त्याने हाक मारली तर माणूस वाचतो. गिऱ्हाइकांच्या गर्दीत हाक मारायची राहून गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच किनाऱ्यावर नातेवाईक बसलेले दिसतात.

कुलाबा किल्ल्याचंच पाहा. ओहोटीला लोक चालत जातात, घोडागाडीने जातात. किल्ला पाहण्यात, फोटो काढण्यात वेळ जातो आणि मागे पाणी भरायला लागतं. कंबरभर पाण्यातून मुलं खांद्यावर घेऊन परतणारी कुटुंबं अलिबागकरांनी किती वेळा पाहिली असतील! हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राला चिकटून, खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच करायची असते. भरतीची लाट त्या खडकावरून माणूस उचलून नेते. देवळाच्या वाटेवरच्या प्रत्येक नारळ-उदबत्तीच्या दुकानदाराला हे माहीत आहे. त्याने नारळ देताना एक वाक्य बोलायचं आहे: “ताई, आता भरती आहे, प्रदक्षिणा दोन तासांनी करा.” एवढंच वाक्य, आणि बोलायला खर्च काही नाही.

म्हणून माझी पहिली मागणी फळ्याची आहे. किनाऱ्याच्या गावातल्या प्रत्येक खानावळीने, होम-स्टेने, टपरीने दर्शनी जागी एक काळा फळा लावावा. त्यावर रोज सकाळी खडूने लिहावं: आज पूर्ण भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, समोरच्या किनाऱ्यावर कुठे खड्डा आहे, कुठे ओढ आहे, कुठल्या बाजूला उतरू नये. अचूक वेळ मोबाइलवर फुकट मिळते, ती पाहून लिहावी. खाली तीन नंबर कायमचे रंगवून ठेवावेत: आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, तटरक्षक दलाला १५५४. एक दोर आणि हवा भरलेल्या दोन जुन्या ट्यूब फळ्याशेजारी टांगून ठेवाव्यात. पाण्याच्या बाटल्यांच्या एका दिवसाच्या विक्रीत हा सगळा खर्च निघतो. मेन्यूचा फळा रोज नवा लिहिता येतो, मग भरतीचा का लिहिता येऊ नये?

यावर एक उत्तर हमखास येतं: “असं लिहिलं तर गिऱ्हाईक घाबरेल, दुसऱ्या गावाला जाईल.” हा हिशोब चुकीचा आहे. ज्याला वेळ कळते तो पाणी योग्य होईपर्यंत किनाऱ्यावरच बसतो, चहा घेतो, दोन प्लेट भजी जास्त खातो. गिऱ्हाईक खरोखर कशाने जातं ते दिवेआगरला विचारा. १९९७ साली तिथे जमिनीत सोन्याचा गणपती सापडला आणि त्या गावाचं नशीब पालटलं. घराघरात खोल्या निघाल्या, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी लागल्या. २४ मार्च २०१२ च्या रात्री दरोडेखोरांनी मूर्ती नेली, दोन पहारेकऱ्यांचा जीव घेतला, आणि खोल्या रिकाम्या पडल्या. यात गावाचा काही दोष नव्हता, तरीही घाव गावाच्याच पोटावर बसला. दोष नसताना एवढी किंमत मोजावी लागते, तर आपण गप्प बसल्यामुळे कुणी बुडालं तर काय होईल, याचा विचार व्यापाऱ्याने व्यापारी म्हणूनही करावा.

होडीवाल्यांशीही हेच बोलायचं आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ माणसं गेली. घारापुरी आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येते. धडक देणारी बोट दुसऱ्याची होती हे खरंच आहे. पण ८४ प्रवाशांचा परवाना असलेल्या त्या बोटीवर शंभराहून जास्त लोक होते, आणि अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणारी शिडाची होडी हे आपल्या किनाऱ्याचं वैभव आहे. वाऱ्याचा अंदाज घेऊन ती किल्ल्याच्या दरवाजाला लावणं ही पिढ्यांची विद्या आहे. तिच्यात शेवटची पाच माणसं कोंबणं ही विद्या नव्हे. जॅकेट बाकाखाली ठेवून दाखवायचं नसतं, अंगात घालायला लावायचं असतं. “जॅकेट नाही, तर होडीत पाय नाही” असं एका धक्क्यावरच्या सगळ्या होडीवाल्यांनी मिळून ठरवलं तर पर्यटक कुरकुर करेल आणि घालेल. त्याला दुसरी होडी नाही.

वाळूवर गाडी घालणाऱ्यांचं आणि त्यांना वाट दाखवणाऱ्यांचं काय करायचं? भरतीच्या वेळी रेतीत रुतलेली, बोनेटपर्यंत लाटा खाणारी गाडी आता दर सुट्टीला मोबाइलवर दिसते. गाडी खाली घेऊ नका, असं सांगणारा माणूस तिथे नसतो, पण रुतल्यावर ट्रॅक्टर घेऊन येणारा लगेच सापडतो. त्या ट्रॅक्टरवाल्याला मजुरी मिळू दे, पण त्याने आणि शेजारच्या टपरीवाल्याने गाडी उतरायच्या आधी आडवं उभं राहायला हवं. कारण त्या वाळूत फक्त टायर नसतात. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ इथे हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि परत जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो. आपण रिसॉर्टच्या कुंपणावर हॅलोजन लावला तर ती त्याच्याकडे, म्हणजे उलट्या दिशेला, मरायला धावतात. समुद्राच्या बाजूचा दिवा रात्री दहानंतर बंद करायला कुठल्या सरकारी आदेशाची वाट पाहायची?

बाणकोटच्या खाडीपलीकडचं वेळास पाहा. जिल्हा रत्नागिरी, पण हरिहरेश्वराहून बागमांडल्याला येऊन फेरीबोट धरली की पलीकडे पोचलातच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे कासवांच्या घरट्यांची राखण सुरू केली. त्याआधी अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी नेली जात. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला लोक लांबून येऊ लागले, आणि त्यांची राहण्याजेवणाची सोय गावातल्या घरांनीच केली. तिथे कुणी मोठं हॉटेल बांधलं नाही. ओटीवर गाद्या पडल्या, चुलीवरचं जेवण वाढलं गेलं, आणि ज्या किनाऱ्यावरून अंडी जात होती तिथे गावच राखणदार झालं. कासव जगलं तर पाहुणा येईल हे घराघराला समजलं आणि राखण टिकली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण इथे धंदा आणि जबाबदारी यांची वेगवेगळी खाती नाहीत. आपल्या किनाऱ्यावरही वन खातं आणि गावकरी घरटी राखतात. त्या राखणीत गावातल्या होम-स्टेवाल्यांनी उतरावं. पाहुण्याला किनाऱ्यावर फटाके आणि मोठा स्पीकर नको म्हणून सांगणं, हाही त्या राखणीचाच भाग आहे.

आता पोटाकडे येऊ. वडखळ-अलिबाग रस्त्याने फेब्रुवारी-मार्चपासून पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. भात कापल्यावर त्याच जमिनीत, उरलेल्या ओलीवर हा कांदा होतो. कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूचा. चवीला गोडसर, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी न आणणारा. पातीसकट त्याची वेणी घालायचं काम बहुतेक बायका करतात, आणि ते सोपं नाही. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आनंद झाला. पण नाव झालं की नावाची चोरी सुरू होते. बाहेरगावचा पांढरा कांदा ट्रकने येतो, माळेत गुंफला जातो आणि ‘अलिबागचा’ म्हणून जातो. असं करणारा दुकानदार मुंबईच्या गिऱ्हाइकाला फसवतोच, त्याहून जास्त तो कार्ल्याच्या शेतकरणीला लुबाडतो. तिच्या माळेचा भाव तो पाडतो. आणि एकदा त्या गिऱ्हाइकाच्या जिभेला फरक कळला नाही की खरा कांदाही “तसाच असतो हो” या सदरात जातो. याच दुकानदाराने गणेशोत्सवाला पाच हजारांची वर्गणी दिली, तर मंडळाने ती घेताना माळेतला कांदा कुठला ते आधी विचारावं.

तसंच माशांचं. पर्यटकाला थाळीत अख्खं पापलेट हवं असतं. थाळीचा दर चारशे-पाचशेच्या आत ठेवायचा तर मोठं पापलेट परवडत नाही, म्हणून तळहाताएवढं येतं, मग त्याहून लहान येतं. तो मासा एकदाही अंडी न घालता तव्यावर गेलेला असतो. २०२३ साली राज्य सरकारने पापलेटला राज्य मासा ठरवलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून त्याहून लहान मासे पकडू नयेत असं सांगितलं. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. बंदरावर हा नियम किती पाळला जातो हे कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा. पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीविरुद्ध ती वर्षानुवर्षं भांडताहेत. खानावळवाल्याच्या हातात मात्र एक सोपी गोष्ट आहे. पापलेटची थाळी काढून टाकावी आणि मोठ्या माशाची तुकडी वाढावी. मांदेली आहे, बांगडा आहे, बोंबील आहे, जवळ्याची चटणी आहे. मूळचे लहान आणि मुबलक असलेले हे मासे इथल्या घराघरात आवडीने खाल्ले जातात आणि पर्यटकाला ते कुणी वाढतच नाही. वाढा, आणि का वाढताय ते सांगा. तो ऐकेल. आणि एक जून ते एकतीस जुलै या बंदीच्या काळात “ताजी मासळी” अशी पाटी लावू नका. त्या दिवसांत सुकट, सोडे, वालाचं बिरडं वाढा. पावसाळ्यात कोकणी माणूस हेच खात आला आहे.

माल कुणाकडून घेता, हाही प्रश्न याच ताटातला. भाजी वाशीच्या मार्केटातून टेम्पोने येते आणि त्याच हॉटेलच्या फाटकाबाहेर ठाकूर-कातकरी बाई रानभाजी, शेवग्याच्या शेंगा, करवंदं घेऊन उन्हात बसलेली असते. तिच्याशी पाच रुपयांवरून घासाघीस होते. पोपटी लावायची तर वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला गावातूनच घ्यावा लागतो, बाहेर तो मिळतच नाही. शहरातल्या पाहुण्याला पोपटीचे हजार रुपये लावताना ज्याच्या शेतातून शेंगा आल्या त्याला किती दिले, हे मनाशी एकदा मांडून पाहावं.

पाण्यावर थोडक्यात बोलतो, कारण हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही कुणी बोलत नाही. खारेपाटातल्या बायकांना एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी ताटकळावं लागतं. उमटे धरणाच्या गढूळ पाण्याची तक्रार जुनीच आहे. त्याच अलिबाग तालुक्यात त्याच महिन्यांत ‘स्विमिंग पूलसह’ अशी जाहिरात चालते आणि तो पूल टँकरने भरला जातो. समुद्र शंभर पावलांवर असताना मे महिन्यात गोड्या पाण्याचा पूल लागत नाही. विहिरीवर बोअर मारून शेजारच्या वाडीची विहीर खारी करणाऱ्याने शाळेला पाण्याची टाकी दान दिली, तरी शेजाऱ्याचं नुकसान भरून येत नाही. सांडपाण्याचा पाइप ओहोळात सोडणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

माणसांबद्दल मात्र सविस्तर बोलायचं आहे.

शनिवार-रविवार आपल्या किनाऱ्याचा सुगीचा काळ. त्या दोन दिवसांत वाढपी, स्वयंपाकीण, खोल्या झाडणाऱ्या बायका, बाथरूम धुणारी पोरं पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उभी असतात. सोमवारी पाहुणा गेला की मालक थकून झोपतो. या माणसांना सोमवारची भरपगारी सुट्टी मिळते का? बहुतेक ठिकाणी नाही. सोमवारी गिऱ्हाईक नसतं म्हणून “आज येऊ नको” असं सांगितलं जातं आणि रोजही कापला जातो. म्हणजे विश्रांतीही त्यांच्याच खर्चाने.

याच किनाऱ्यावर एक वेगळी रीत होऊन गेली आहे. नवगाव, नागाव, रेवदंडा, अलिबाग या पट्ट्यात बेने इस्रायली ज्यू समाजाची वस्ती होती. अलिबागेत इस्रायल आळी आहे, १८४८ साली बांधलेलं मागेन अबोथ हे त्यांचं प्रार्थनास्थळ आहे. त्यांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणत असे. धर्माज्ञाच तशी होती: सातव्या दिवशी मालकाने काम करायचं नाही, नोकराकडून करून घ्यायचं नाही, बैलालाही जुंपायचं नाही. हे तेली काही श्रीमंत नव्हते. आठवड्याचा एक दिवस उत्पन्न नाही, हे त्यांनी शतकानुशतकं सोसलं आणि धंदाही टिकवला. गावानेही आपलं तेल आदल्या दिवशी नेलं. त्या समाजातले बहुतेक लोक पुढे इस्रायलला गेले. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर ही आपल्या गावांची नावं ते तिकडे आडनावं म्हणून घेऊन गेले. ज्या किनाऱ्यावर घाण्याच्या बैलाला आठवड्याची सुट्टी होती, तिथे आज रिसॉर्टमधल्या पोराला ती नाही, याची लाज वाटायला हवी.

काय करता येईल? पुष्कळ करता येईल. पाळीपाळीने सोमवार-मंगळवारची भरपगारी सुट्टी द्या. रात्री उशिरा सुटणाऱ्या बाईला घरापर्यंत सोडा. पगार महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या, “सीझन झाल्यावर बघू” म्हणू नका. बाहेरच्या राज्यांतून आलेल्या पोरांना जनरेटरच्या खोलीत झोपवू नका. गावातल्या मुलीला गल्ल्यावर बसवा, हिशोब शिकवा. रिसेप्शनला मुंबईचीच मुलगी लागते हा गैरसमज आहे. अडीअडचणीला उचल देता तेव्हा ती वहीत दोघांच्या सहीने लिहा, म्हणजे कातकरी कुटुंब त्या उचलीत पुढचं वर्ष अडकणार नाही.

शेवटी वादळाचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडाली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पोफळ पुन्हा लावली तरी पीक हाती यायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे त्या दिवसाचं नुकसान लोक अजून भरताहेत. अशा दिवसांत दुकानदार काय करतो ते गाव पुढची पन्नास वर्षं विसरत नाही. पत्रा, ताडपत्री, मेणबत्ती, डिझेल, सुतळी यांचा वादळाच्या आदल्या दिवशीचा भाव दुसऱ्या दिवशी टिकला का? जनरेटर असलेल्याने शेजाऱ्यांचे फोन चार्ज करू दिले का? किराणावाल्याने उधारीची वही उघडी ठेवली का? वादळ पुन्हा येणार आहे. तेव्हा हार्डवेअरवाल्यांनी, किराणावाल्यांनी, पंपवाल्यांनी आजच एकत्र बसून ठरवावं, की आपत्तीच्या दिवसांत भाव चढणार नाही आणि तशी पाटी दुकानात कायम राहील. वादळाच्या आधी दिलेला शब्द वादळानंतर मोडणं कठीण जातं.

यावर लहान व्यापारी जे म्हणतो ते खोटं नाही. “आमचा धंदा सहा महिन्यांचा. पावसात कर्जाचे हप्ते भरायची मारामार. मोठे बंगलेवाले, फार्महाउसवाले मुंबईहून सगळं सामान घेऊन येतात, ग्रामपंचायतीला किती कर देतात देव जाणे, आणि जबाबदारी मात्र आम्ही घ्यायची?” हा राग रास्त आहे. जीवरक्षक नेमणं हे शासनाचं काम आहे, कचऱ्याची गाडी ही ग्रामपंचायतीची. पाणी योजना आणि कासवांची राखण करणाऱ्यांचं मानधन यांचीही व्यवस्था लावणं सरकारचं काम आहे. ते मागायलाच हवं आणि मोठ्या आवाजात मागायला हवं. पर्यटकानेही दारूच्या बाटल्या वाळूत फोडून जाऊ नये. पण वर जे मागितलं आहे त्यातलं काय पैशाने अडतं? फळा, खडू, एक वाक्य, विझवलेला दिवा, खरा कांदा, मोठ्या माशाची तुकडी, सोमवारची सुट्टी. यातली सुट्टी सोडली तर कशालाच फारसा खर्च नाही. आणि सुट्टीचा खर्च ज्याला परवडत नाही त्याचा दरच चुकलेला आहे, तो त्याने पाहुण्याकडून वाढवून घ्यावा. खोलीमागे शंभर रुपये जास्त घेतले आणि त्याचं कारण सांगितलं, तर पाहुणा पळून जात नाही.

एकट्याने हे करणाऱ्याला मात्र त्रास होतो, तेही मान्य. जो खरा कांदा विकतो त्याच्या शेजारचा खोटा स्वस्तात विकतो. जो जास्तीची पाच माणसं होडीतून उतरवतो त्याची पाच माणसं दुसऱ्याकडे जातात. म्हणून हे गावाने मिळून करायचं काम आहे. किनाऱ्याच्या बऱ्याच गावांत पर्यटन व्यावसायिकांच्या संघटना आहेत, होडीवाल्यांच्या सोसायट्या आहेत, बचत गट आहेत. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू होण्याआधी यांनी एक बैठक घ्यावी, तलाठ्याला, सरपंचाला, मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाला बोलवावं आणि चार-पाच ठराव लिहून सह्या कराव्यात. पुढच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवावेत. जो मोडेल त्याला संघटनेच्या यादीतून काढावं आणि ते नाव चावडीवर लावावं. वह्यावाटप जूनमध्ये खुशाल करा. पण त्या कार्यक्रमाच्या निमंत्रणावर ज्यांची नावं छापायची आहेत, त्यांच्या सह्या आधी या ठरावांखाली घ्या.

आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी खोली ठरवताना एसी आहे का, पूल आहे का हे विचारून झालं की एक प्रश्न आणखी विचारा: तुमच्याकडे काम करणाऱ्यांना आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते? उत्तर मिळालं नाही, तर दुसरी खोली बघा.